सारंगाची बोली

अब्बांनी ती जुनी ॲम्ब्युलन्स आमच्या दारात आणून उभी केली, तेव्हा मा तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती. हॉर्न ऐकून तिनं दारातून मान बाहेर काढली. गाडीकडे बघितलं, रंग मारून बुजवलेल्या लाल खुणेकडे बघितलं आणि विचारलं, "कोण मेला?"

"कोण मेला नाय. घर आणलंय," अब्बा म्हणाले.

"घर हाय मला, रत्नागिरीला," मा म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा कुणी घेत नव्हतं. आम्ही नुसतं दुबई म्हणायचो. बर दुबईत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खाडीपलीकडे देऱ्यात एका गॅरेजमध्ये माझा नवरा मेकॅनिक होता. माझं पहिलं बाळंतपण करायला मा गावाहून बोटीनं आली होती. अब्बा त्याच सुमारास जहाजावरून कायमचे उतरले, तेही थेट आमच्याकडे आले. मुलगी झाली, चाळीस दिवस पार पडले, ती हसायलाही लागली. आता मा जायच्या गोष्टी करायला लागली होती.

अब्बा सारंग होते, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे म्होरके. अडतीस वर्षं त्यांनी समुद्रावर काढली. वर्षातून महिना-दीड महिना घरी यायचे, तेवढंच. लग्नाला तीस वर्षं झालेली, पण दोघं एका छपराखाली किती राहिली याचा हिशेब मांडला तर जेमतेम तीन वर्षं भरतील. बाकी सगळं मानं एकटीनं केलं. घर तिनं शाकारलं, माझं लग्न तिनं जमवलं, अब्बांच्या आईला शेवटचं पाणीसुद्धा तिनंच पाजलं.

आणि आता हे सारंग रिटायर होऊन घरात! अल्ला रे अल्ला. पहाटे नमाज झाली की अब्बा बालदीभर पाणी ओतून अंगण डेकसारखं घासायचे. दुबईत, जिथं गाढवावरून पाणी विकत यायचं! डबे उंचीप्रमाणे लावायचे. मानं मिठाचा डबा हलवला की, "हा इथं का?" मा एक दिवस ऐकून घेई, दुसऱ्या दिवशी नाही. मग भांड्याला भांडं लागायचंच.

शेवटी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तीस वर्षं मी एका मनीऑर्डरशी संसार केला गो. ती बरी होती, बोलत नव्हती. हा माणूस कोण हाय, मला ठाऊक नाय. पंधरा दिवसांनी बोट हाय, मी जाते. तो ऱ्हाऊ दे तुझ्याकडे."

"आणि मग कधी येणार तू?"

"मी कशाला येऊ? आणि त्यानं पण यायची गरज नाय."

ती रागानं बोलली असती तर मी घाबरले नसते. तिचा राग मला ठाऊक आहे, माझ्यातही तोच उतरलाय. पण हे तिनं शांतपणे, बाळाची टोपी दुमडता दुमडता सांगितलं. ती एकटी बोटीवर चढली की संपलं, खलास, हे मला स्पष्ट दिसत होतं. कुणी तलाक म्हणणार नव्हतं, पण मरेपर्यंत एक इथं आणि एक तिथं, असंच राहणार होतं.

हे मी अब्बांना सांगितलं. बाप म्हणून लाज राखायची तर सांगू नये, पण मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो गोरा म्हातारा बघितलास ना?"

तो गोरा म्हातारा गॅरेजमध्ये आला होता. विलायतेत रेल्वेत नोकरी करून पेन्शनीत निघालेला माणूस आणि त्याची बायको. चाकांवरचं घर घेऊन इराणपर्यंत आले, तिथं गाडी लाँचवर चढवून दुबईत उतरले. स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून गाडी माझ्या नवऱ्याकडे आली. अब्बा तिथं गप्पा मारायला जायचे. त्यांनी आत डोकावून बघितलं तर स्टोव्ह, बिछाना, खिडक्यांना पडदे, सगळं जागच्या जागी. अब्बांनी आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत त्याला विचारलं, कुठं कुठं जाणार? त्यानं नकाशा पसरला. म्हाताऱ्यानं एक गाव दाखवलं की म्हातारी बोट उचलून दुसऱ्यावर ठेवायची, आणि दोघं भांडायची. "पण भांडण एकाच गाडीत," अब्बा मला म्हणाले. "हे महत्त्वाचं."

त्यानंतर माणूस असा काय हट्टाला पेटला की विचारू नका. ॲम्ब्युलन्स कुठल्याशा लष्करी भंगारातली होती. नवरा म्हणाला, पाटे कमजोर आहेत. अब्बांनी पाटे बदलायला लावले. नवरा म्हणाला, रेडिएटर गळतोय. अब्बा स्वतः कथलाचा डाख लावायला बसले. स्ट्रेचरच्या जागी दोन फळ्यांचे बिछाने ठोकले, पाण्याचे डबे दोरानं बांधले. शिडं शिवायची जाड सुई काढली आणि पडदे शिवले. त्यांच्या हातचे पडदे इतके भक्कम झाले की वादळात शीड म्हणून चालले असते. वाळूत चाक रुतलं तर खाली घालायला खजुराच्या झावळ्यांच्या चटया घेतल्या. मा हे सगळं येता-जाता बघायची आणि काही बोलायची नाही.

एका कागदावर त्यांनी ठिकाणांची यादी केली. बुरैमीकडच्या खजुरीच्या बागा आणि त्यांतले पाण्याचे पाट. खत्तचा गरम पाण्याचा झरा, जिथं गुडघेदुखी जाते म्हणतात. लिवाचे वाळूचे डोंगर. आणि सगळ्यांत वर, दोन रेघा मारून, खोर फक्कान. ती यादी पुढं मी जपून ठेवली. आम्ही नवरा-बायको रिटायर झालो तेव्हा बाकीची ठिकाणं आम्ही केली, डांबरी रस्त्यानं, एसी लावून. गुडघे काही बरे झाले नाहीत.

खोर फक्कानच का, ते अब्बांनी मला सांगितलं. मुंबईहून आखातात शिरताना तो किनारा लागायचा. अडतीस वर्षं, जाताना आणि येताना, डेकवरून ते डोंगर बघितलेले. काळेकरडे डोंगर, मध्ये एक खाच, खाली हिरवी रेघ, आणि एक पांढरं घर. जहाज तिथं कधी थांबलं नाही. "जगातली पन्नास बंदरं बघितली," ते म्हणाले, "म्हणजे पन्नास गोद्या बघितल्या. सगळ्या सारख्या. पण त्या घरात कोण ऱ्हातं ते बघायचं राहिलं. तुझ्या माला घेऊन एकदा तिथं उभा राहणार. मी ठरवलंय."

माला त्यांनी सरळ विचारलं. "एक फेरी. मग बोट पकड, मी अडवणार नाय."

"नाय," मा म्हणाली.

मग मी मध्ये पडले. मी म्हटलं, मा, तू माझ्यासाठी चल. मला जन्मात या खोल्यांच्या बाहेर कुणी नेलेलं नाही. हे अर्धं खरं होतं. मानं माझ्याकडे असं बघितलं की तिला सगळं कळलंय. "येते," ती म्हणाली, "पण परत आल्यावर मला कुणी एक शब्द बोलायचा नाय. कबूल?" अब्बांनी मान हलवली. आता सगळं त्या एका फेरीवर आलं.

पहाटे फजरच्या नमाजेनंतर निघालो. गाडीच्या छताला स्ट्रेचरचे हूक होते, त्यांना मानं लुगड्याची झोळी बांधली आणि बाळाला त्यात घातलं. पोरगी हेलकावे खात अशी झोपली की घरी कधी झोपली नव्हती. अब्बा पुढं नवऱ्याशेजारी, आम्ही दोघी मागं. रस्ता म्हणून काही नव्हताच, आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. धैद गावापर्यंत सपाट होतं, तोवर सगळं गोड चाललं. पुढं डोंगर सुरू झाले आणि आम्ही वादीत शिरलो. वादी म्हणजे कोरडी नदी. गोटे, वाळू, मध्येच ओल, आणि चाकोऱ्या दहा दिशांना फुटलेल्या.

"खालून दिसत नाय," अब्बा म्हणाले आणि सरळ टपावर चढून बसले. "मी वरून सांगतो, तू सुकाणू धर."

"बघ," मा मला म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकायला बसले."

थोडं अंतर बरं गेलं. मग वरून अब्बा ओरडले, "जमना! जमना!"

नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली, आणि थांबली ती नेमकी मऊ वाळूत. त्यानं पुन्हा गॅस दिला, मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी आमच्यासकट रुतून बुडावर टेकली.

अब्बा टपावरून उतरले ते लालबुंद होऊन. "थांबलास कशाला रे गाढवा?"

"तुम्हीच म्हणालात जमेना!" नवरा म्हणाला. "मला वाटलं पुढं रस्ता नाही, गाडी जायची नाही, म्हणून थांबलो!"

"जमेना नाय! जमना! जमना!"

"तेच तर! जमेना तर थांबायचं नाही तर काय करायचं?"

"अरे, जमना! जमना!" अब्बा हात नाचवत ओरडत होते, पण अडतीस वर्षं जो शब्द ओरडला की शंभर माणसं हलत होती, त्याचा अर्थ सांगायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. माझा नवरा समुद्रकाठचा खरा, पण बोटीवर चढला तो फक्त उतारू म्हणून. तोही तापला. जावयानं सासऱ्याला बोलू नये ते बोलला, "अब्बा, हे जहाज नाही, आणि मी तुमचा खलाशी नाही." अब्बा पाठ फिरवून एका दगडावर जाऊन बसले.

दुपारचं ऊन, सावली फक्त गाडीखाली. बाळ उठून रडायला लागलं. मला तर रडूच फुटलं, दुःखानं नव्हे, संतापानं. एवढी खटपट केली आणि एका शब्दावर सगळं धुळीला मिळालं. आता मा म्हणणार, बघितलंस? आणि तिचं खरं असणार.

मा खाली उतरली. बाळाला कमरेवर घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग जावयापुढं जाऊन उभी राहिली.

"जमना म्हणजे उजवीकडे," ती म्हणाली. "बोटीवर उजव्या अंगाला जमना म्हणतात. डाव्याला डावा. आगिल म्हणजे पुढं, पिछिल म्हणजे मागं. हबेस म्हटलं की ओढायचं, आरिया म्हटलं की सैल सोडायचं. ते तुला उजवीकडे घ्यायला सांगत होते, तिथं गोटे हायत, घट्ट जमीन हाय. कळलं?"

नवरा बघतच राहिला. मीही. दगडावरून अब्बांनी मान वळवली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"तुला कोणी शिकवलं हे?" त्यांनी विचारलं.

"आधी गाडी काढा," मा म्हणाली. "पोरीला ऊन लागतंय. चटया आणा."

आम्ही हातांनी वाळू उपसली. चाकांखाली चटया सारल्या. मा बाळाला माझ्याकडे देऊन पुढं नवऱ्याशेजारी जाऊन बसली. अब्बा मागून जोर लावायला उभे राहिले आणि ओरडले, "हबेस!"

"गॅस दे," मा म्हणाली.

"आरिया!"

"सोड, सोड. आता मागं येऊ दे."

"हबेस! जमना, जमना!"

"ओढ, आणि उजवीकडे. घाबरतोस काय मेल्या, चल, यल्ला!"

चौथ्या खेपेला गाडी बाहेर आली. नवरा एवढा हसला की स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अब्बा मात्र हसले नाहीत. ते पुन्हा टपावर चढले, आणि तिथून पुढची सगळी वादी तशीच पार केली. वरून अब्बा सांगायचे, मा मराठीत करायची, नवरा गाडी हाकायचा. माझ्या लक्षात आलं, अब्बांचा आवाज हळूहळू खाली येतोय. मा ऐकतेय हे कळल्यावर ओरडायची गरज राहिली नव्हती.

त्या रात्री डोंगरातल्या मसाफीला मुक्काम केला. चहा करताना मी माला खूश होऊन म्हटलं, "बघ, किती छान जमलं तुमचं."

"रस्ता सांगितला म्हणजे संसार केला, असं नव्हे," ती म्हणाली. "बोट मी पकडणार." माझा चहा तसाच राहिला.

डोंगर उतरून फुजैराला आलो, आणि तिथून ओहोटी बघून ओल्या वाळूवरूनच गाडी हाणली. तिसऱ्या दिवशी सकाळी खोर फक्कान. अर्धगोल समुद्र, ओढून ठेवलेल्या होड्या, सुकत घातलेली मासळी. वास थेट आमच्या गावचा! मीच नाही, मासुद्धा क्षणभर थांबून श्वास घेत राहिली.

पण अब्बा गोंधळले. इकडे बघतात, तिकडे बघतात. "हे नाय ते," म्हणाले. खाच दिसेना, पांढरं घर दिसेना. घरं होती, पण सगळी मातीच्या रंगाची. एवढ्या जिद्दीनं आलेला माणूस, चेहरा असा पडला की माझ्यानं बघवेना. नवरा म्हणाला, अब्बा, पुढच्या गावी बघू या का? त्यांनी ऐकलं नाही. मग एकदम वळले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पाण्यात चालत निघाले. गुडघाभर पाणी, मांडीभर पाणी. कमरेला पाणी लागल्यावर मागं फिरून डोंगराकडे तोंड केलं.

"हेच!" ते ओरडले. "हेच ते! ती बघ खाच! घर बी हाय!" माणसाला तो किनारा पाण्यातूनच ओळखता येत होता. "अगो, ये! इथून दिसतंय!"

मा वाळूत बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. "मी नाय येत. माझे पाय भिजतील. मला इथूनच दिसतंय."

"तिथून काय दिसणार?"

"तुम्ही दिसताय," मा म्हणाली.

अब्बा पाण्यात उभेच राहिले. लाटा येऊन त्यांना हलवत होत्या. मग त्यांनी दोन दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "सांग आता. कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मी? मी कधी?"

"झोपेत," मा म्हणाली. "घरी यायचात, तर जागेपणी गप्प. काय विचारलं तर हो नाय तर नाय. आणि झोपलात की सुरू. जमना, डावा, हबेस. मी ऐकत पडायची. माझा नवरा काय बोलतो ते मला कळू नये? मग सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाला, तो बी जहाजावरचा, विचारायची, चाचा, हबेस म्हणजे काय, आरिया म्हणजे काय. एकेक करून शिकले. मला वाटलं, कधीतरी त्यात माझ्यासाठी पण काय असंल."

नवरा उगाच गाडीच्या चाकाशी जाऊन वाकला.

अब्बांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मला धड ऐकूही आला नाही, "तुझं नाव घ्यायचो का गो कधी?"

"नाय," मा म्हणाली. "एकदा बी नाय."

आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. अगो म्हणतात, ऐकलंस का म्हणतात, पोरं झाली की अमकीची आई म्हणतात. माचं नाव माझ्या बापाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. खरं सांगते, मला स्वतःला ते नाव आठवायला थोडा वेळ लागला असता.

अब्बांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि तिथून, कमरेएवढ्या पाण्यातून, माचं नाव घेऊन हाक मारली. मोठ्यानं. जाळी विणत बसलेले कोळीसुद्धा वळून बघायला लागले. मा हलली नाही. त्यांनी परत हाक मारली. मग तिसऱ्यांदा नाव घेतलं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेल्या त्या माणसानं विचारलं, "मी येऊ का घरी? तुझ्या घरी?"

मानं ओ दिली. मग म्हणाली, "या. पण ओरडू नका, बाळ झोपलंय."